अध्यक्ष, कुबेर आणि कुंचला



मी हायस्कुलांत इतिहास शिकवीत असें. अमेरिकेच्या धड्यांत 'ट्रस्ट' हा शब्द आला कीं वर्गावर हटकून झोंप पसरे. निरनिराळ्या कंपन्यांचे शेअर कांहीं थोड्या विश्वस्तांच्या हातीं सोंपवावे, त्यांनीं सर्वांचा कारभार एकत्र हांकावा, आपसांतील चढाओढ बंद पाडावी आणि मग मनास येईल तो भाव गिऱ्हाइकाच्या माथीं मारावा, हें मीं कितीहि घोळून सांगितलें तरी मुलांच्या गळीं उतरेना. अखेर एके दिवशीं मीं फळ्यावर खडूनें एक अगडबंब पोटाचा माणूस काढला आणि त्या पोटावर 'तेल' असें लिहिलें. वर्ग खदखदून हंसला, आणि समजलाहि. तोंच मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "पण सर, एवढा एकच माणूस, तर त्याला पाडायला इतकीं वर्षें कां लागलीं?"

फळ्यावरची ती युक्ति माझी नव्हे. न्यूयॉर्कच्या 'पक' नांवाच्या विनोदी साप्ताहिकांत जोसेफ केपलर यानें २३ जानेवारी १८८९ रोजीं एक चित्र प्रसिद्ध केलें. सेनेटची बैठक भरली आहे. सभासद आपापल्या मेजांशीं बाहुल्यांएवढे बसले आहेत, आणि त्यांच्या पाठीशीं, पैशाच्या थैल्या हेंच ज्यांचें पोट, असे राक्षसी मक्तेदार रांगेनें उभे आहेत. कोणाच्या पोटावर साखर, कोणाच्या मीठ, कोणाच्या तांबें, तर एकाच्या स्टँडर्ड ऑइल. त्यांना यावयास दार सताड उघडें; वर कोपऱ्यांत लोकांसाठीं असलेलें दार मात्र बंद. भिंतीवर लिंकनचे प्रसिद्ध शब्द फिरवून, ही सभा मक्तेदारांची, मक्तेदारांनीं चालविलेली व मक्तेदारांसाठींच आहे, अशी पाटी आहे. जी वस्तु वकिलांच्या दप्तरांत होती, जिला कोणीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें, तिला केपलरनें देह दिला. रागवावें कोणावर हें सामान्य माणसास प्रथमच दिसलें.

२ जुलै १८९० रोजीं शर्मनचा कायदा मंजूर झाला. तो चित्रामुळें झाला असें मी म्हणणार नाहीं; शेतकऱ्यांची व लहान व्यापाऱ्यांची ओरड कधींचीच चालू होती. शिवाय कायदा होऊनहि राक्षस जागचे हालले नाहींत. १८९५ सालीं साखरेच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें, कारखानदारी म्हणजे व्यापार नव्हे, असा निवाडा देऊन त्याची धारच बोथट केली.

यापुढें थिओडोर रूझवेल्ट येतो. १९०० सालीं तो उपाध्यक्षपदाचा उमेदवार असतांना हर्स्टच्या पत्रांत फ्रेडरिक ऑपर चित्रमालिका काढीत असे. तींत अध्यक्ष मॅकिन्ले हें लहानगें पोर, त्याचा लठ्ठ बाप म्हणजे ट्रस्ट, आणि रूझवेल्ट त्या घरीं खेळावयास येणारा वात्रट सवंगडी! सप्टेंबर १९०१ मध्यें मॅकिन्लेचा खून झाला व हा सवंगडी अध्यक्ष बनला. पुढच्याच वर्षीं त्यानें मॉर्गन, हिल वगैरेंच्या नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे-संघावर फिर्याद गुदरली. खटला चालू असतांनाच, १३ जानेवारी १९०४ च्या 'पक'मध्यें केपलरच्या मुलानें, ऊडो केपलरनें, त्याला इंग्रजी परीकथेंतला चिमुकला जॅक केलें. हातीं तलवार, आणि समोर वॉलस्ट्रीटवर मॉर्गन, रॉकफेलर, हिल असे दैत्य. दोन महिन्यांनीं, १४ मार्च रोजीं, निकाल सरकारच्या बाजूनें लागला. पण पांच न्यायाधीश एकीकडे आणि चार दुसरीकडे. दैत्य पडला तो एका मतानें!

त्याच वर्षीं ७ सप्टेंबरला ऊडोनें स्टँडर्ड ऑइलला आठ भुजांचा सागरी प्राणी करून दाखविलें. एका भुजेनें कॅपिटॉलला विळखा घातला आहे, दुसरी व्हाइट हाऊसकडे सरकते आहे. १९०६ मध्यें नॅनकिव्हेलनें तर रूझवेल्टला दोन साप आवळणारा बाल हर्क्यूलिस केलें. आपल्याकडच्या वाचकाला पाहतांक्षणीं कालियामर्दनच आठवावें.

परंतु १९०४ च्या निवडणुकींत याच जॅकच्या पक्षाच्या थैलींत मॉर्गनसारख्यांचा पैसा पडला होता. हें पुढें चौकशींत उघडकीस आलें, आणि कंपन्यांनीं निवडणुकीस पैसा देऊं नये असा कायदा १९०७ सालीं करावा लागला. क्लिफर्ड बेरीमनच्या एका चित्रांत शिकारी रूझवेल्टनें एका अस्वलावर पाय रोंवला आहे, तें वाईट ट्रस्टांचें; दुसऱ्याला दोरीनें धरून ठेवलें आहे, तें चांगल्यांचें. मला हें चित्र सर्वांत प्रामाणिक वाटतें. सगळे ट्रस्ट मोडावे असें रूझवेल्टला कधींच वाटत नव्हतें.

आणि आठ भुजांच्या त्या प्राण्याचें काय झालें? १९०६ मध्यें रूझवेल्टच्या सरकारनें फिर्याद केली. १५ मे १९११ रोजीं निकाल लागला तेव्हां त्याला अध्यक्षपद सोडून दोन वर्षें होऊन गेलीं होतीं. स्टँडर्ड ऑइलच्या चौतीस कंपन्या झाल्या. त्या सर्वांत रॉकफेलरचे शेअर होतेच. त्यांचे भाव चढले, आणि तुकडे झाल्यावर तो पूर्वींपेक्षां अधिकच श्रीमंत झाला. चित्रांतल्या राक्षसाला एक मान असते, ती छाटतां येते. शेअरच्या कागदाला मान कोठची?

मागच्या बांकावरच्या त्या मुलाला मीं हें सांगावयास हवें होतें. त्या दिवशीं मीं त्याला नुसतें "खालीं बस" म्हटलें, आणि फळा पुसला.