आधी प्रत, मग साफसफाई
(सभासदांसमोर केलेल्या भाषणातून)

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘डिस्क फुल’ आलं, की कुणीतरी म्हणतं, “ती आउटलुकची मोठी फाईल उडवा की!” जरा थांबा. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते. ती पुन्हा तयार होते. पीएसटी मात्र बरेचदा एकमेव असते. तिच्यात जुनी इतिवृत्तं, ऑडिटचा पत्रव्यवहार असेल, तर ती उडवली की दप्तरच गेलं.

जागा करायची तर नको असलेले मोठ्या अटॅचमेंटचे मेल काढा, डिलीटेड आयटम्सही रिकामं करा. पण लक्षात ठेवा, ओएसटीतून काढलेला मेल सर्व्हरवरूनही जातो. एवढं करून फाईल लगेच लहान होत नाही. सामान काढलं म्हणून कपाट लहान होतं का? त्यासाठी क्लासिक आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये, डेटा फाईल्सच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ दाबायचं. एक्स्चेंजचं खातं असेल तर फक्त १२ महिन्यांचे मेल उतरवता येतात. जुने सर्व्हरवर राहतात.

आणि पीएसटीला हात लावण्याआधी आउटलुक बंद करून तिची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. २५ वर्षांच्या सोसायटीचं दप्तर आहे, मंडळी!