इंग्रजीतील इवलेसे शब्द
(गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा येथे गौरव झाला, त्यांपैकी पुष्कळांना इंग्रजीत उत्तम गुण आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासूनच ती भाषा शिकविली जाते. तथापि मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकताच आपल्या मुलांची वाचा बसते. शब्द आठवतात, पण त्याआधी ‘इन’ घालावा, ‘ऑन’ घालावा की ‘अ‍ॅट’, या विचारात वाक्य घशातच अडकते आणि नोकरी दुसऱ्याच्या पदरात पडते.

१९४८ पूर्वी, निजामाच्या राजवटीत, आपल्या वाडवडिलांपैकी जे शिकले ते बहुधा उर्दूतून शिकले; १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. लिपी परकी असली तरी वाक्यरचना त्यांना फारशी परकी वाटली नसावी. कारण उर्दूतील ‘में’, ‘पर’, ‘से’ हे शब्द आपल्या प्रत्ययांप्रमाणेच नामाच्या मागून येतात. इंग्रजीत ते नामाच्या आधी उभे राहतात. मराठी माणूस आधी ‘घर’ म्हणतो आणि मग घरात, घरावर की घरातून हे ठरवितो; इंग्रजीत हा निर्णय नाम उच्चारण्यापूर्वीच व्हावा लागतो. अडखळण्याचे एक मूळ हे आहे.

दुसरे मूळ शब्दशः भाषांतरात आहे. आपला एकच ‘वर’ घ्या. घड्याळ भिंतीवर असते, तेथे ‘ऑन द वॉल’. तो माझ्यावर रागावला, तेथे मात्र ‘अँग्री विथ मी’. माझ्यावर हसला, तर ‘लाफ्ड अ‍ॅट मी’. आणि देवावर विश्वास असला, तर ‘बिलीव्ह इन गॉड’. चारही ठिकाणी ‘ऑन’ घालणारा विद्यार्थी मूर्ख नव्हे, तो फार प्रामाणिक आहे! प्रश्नावर चर्चा करतानाही ‘डिस्कस’च्या पुढे काहीच लागत नाही. अंबडला पोहोचलो, तर ‘रीच्ड अंबड’ एवढेच पुरे.

यात तर्क शोधू नये. आपण तरी शेतावर जातो आणि शेतात राबतो. जालन्याला जातो, जालन्यात राहतो, पण ‘घरी’ येतो. हे कोणी परक्याने विचारले, तर आपण काय कारण सांगणार? लहानपणापासून कानांवर पडले, एवढेच.

मुलाखतीत हटकून येणारे एक वाक्य सांगून ठेवतो. ‘दोन वर्षांपासून काम करतो’ यातील ‘पासून’ पाहून मुले ‘सिन्स टू इयर्स’ म्हणतात. कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर टू इयर्स’. आरंभाचे साल सांगायचे असेल तरच ‘सिन्स’. क्रियापदही ‘आय ॲम वर्किंग’ असे नको, ‘आय हॅव बीन वर्किंग’ असे हवे. शनिवार-रविवारसाठी मात्र इंग्लंडात ‘अ‍ॅट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकेत ‘ऑन’; तेव्हा अशा जागी फार भिऊ नये.

आमची सूचना अशी की, सुटा शब्द पाठ न करता त्याच्या जोडीदारासह पाठ करावा; वहीत ‘अँग्री’ असे न लिहिता ‘अँग्री विथ मी’ असेच लिहावे. रोज पाच जोड्या पुरेत. घरच्यांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. आईने किंवा आजोबांनी मराठी वाक्य म्हणावे, मुलाने वही मिटून त्याचे इंग्रजी मोठ्याने सांगावे आणि मग वही उघडून पाहावे. आरंभ ‘तो माझ्यावर रागावला’ येथून करण्यास हरकत नाही.