कंपनी महाडला का येत नाही?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला 'बँकेतल्या गमतीजमती' सांगा म्हणाले होते. पण परवा जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना. "भाऊ, लॉकडाऊनमध्ये आमचा मुलगा इथल्या गॅलरीत बसून हिंजवडीचं काम करत होता. मग ती कंपनीच इकडे का येत नाही?"

उत्तर आपल्या एमआयडीसीत आहे. कर्ज प्रकरणांसाठी मी तिथे व्हिजिटला जायचो. एका कारखानदाराला विचारलं, तुम्ही सगळे केमिकलवाले एकमेकांना चिकटून का बसता? म्हणाला, "साहेब, रात्री दोन वाजता पंपाचा सील गेला तर फिटर शेजारच्या गल्लीत मिळतो." ड्रमवाला तिथेच, टँकरवाला तिथेच, सांडपाण्याचं केंद्रही सामायिक. कामगाराला एका गेटवर नाही म्हटलं तर तो पुढच्या गेटवर जातो. (या गर्दीची किंमत सावित्रीने मोजली, तो विषय वेगळा.) आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० सालीच हे लिहून ठेवलं होतं. कॉलेजात आम्ही ते नुसतं पाठ केलं. समजलं ते बिरवाडीच्या रस्त्यावर.

कॉम्प्युटर कंपनीचा कच्चा माल म्हणजे माणूस. पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ पासून. मग पिंपरी-चिंचवडचे कारखाने, १९८८ मध्ये सी-डॅक, १९९१ मध्ये त्यांचा 'परम' संगणक. हिंजवडी त्यानंतरची. आणि गंमत बघा, इन्फोसिस १९८१ साली पुण्यातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली! म्हणजे पहिली खुंटी कुठे ठोकली जाईल याचा भरवसा नाही. पण एकदा ठोकली की बाकीचे तिथेच दोर बांधतात. आमच्या चिरंजीवांनी तीन कंपन्या बदलल्या, फ्लॅट तोच. सूनबाईंची नोकरीही त्याच गावात. इथे एकच कंपनी आली आणि बंद पडली, तर दोघांनी काय करायचं?

एक गोष्ट मनात सलते. बऱ्याच वर्षांपूर्वी पोलादपूरचा एक मुलगा सॉफ्टवेअरच्या धंद्यासाठी कर्ज मागायला आला होता. मी विचारलं, "तुझ्या चार पोरांतला एक सोडून गेला तर दुसरा कुठून आणशील?" त्याला उत्तर देता आलं नाही. मी प्रकरण नामंजूर केलं. तो पुण्याला गेला, नोकरीला लागला. माझा शेरा कागदावर बरोबर होता. पण 'इथे माणसं नाहीत' असं लिहून मी इथला एक माणूस कमी केला, हे तेव्हा सुचलं नाही.

लॉकडाऊनमध्ये पोरं घरी आली तेव्हा वाटलं, आता राहतील. मग २२ जुलै २०२१. पाणी, चिखल, वीज नाही, मोबाइल नाही, घाटात दरडी. लॅपटॉपवाल्यांनी रस्ता सुरू होताच पुणं गाठलं. त्यांना दोष कसा देणार?

तेव्हा वहिनी, कंपनी काही येणार नाही. पण गणपतीला चार दिवस येणारी मुलं पंधरा दिवस राहू शकतील. गच्चीवरची खोली पुरापासून वर आहे. तिथे चार टेबलं, मोठा इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, एवढंच हवं. खर्चाचा अंदाज मी सेक्रेटरींकडे दिला आहे, माझ्या नावापुढे पाच हजारांचा आकडाही लिहिला आहे. कागद आज जेवणाच्या टेबलाशी ठेवलाय. पेन सोबत आहे.