येत्या वर्षाचे कार्यक्रम : तिथी आणि स्थळ
(जिल्हा मंडळाच्या पूर्वतयारी सभेत दिलेले भाषण)



येत्या वर्षात समाजाने जे कार्यक्रम योजिले आहेत त्यांविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आमचे सारे आयुष्य शाळेची वेळापत्रके आखण्यात गेले. तेव्हा कार्यक्रम कोणते करावेत यापेक्षा ते केव्हा व कोठे करावेत याविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार आम्हांस आहे, असे समजून बोलतो.

कार्यक्रम चारच आहेत. वधूवर परिचय मेळावा, सामूहिक विवाह, गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार आणि सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानी जाणे. हे चारही चांगले आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु आजवर त्यांच्या तारखा ठरल्या त्या कशा? पाहुणे केव्हा मोकळे आहेत, सभागृह केव्हा मिळते, पंचांगात मुहूर्त कोणता आहे, हे पाहून. ज्यांच्यासाठी कार्यक्रम करावयाचा तो मनुष्य त्या दिवशी शेतात आहे की घरी, हे कोणी पाहिले नाही. आपल्या सभेत खुर्च्या भरतात. पण त्या कोणी भरतात हे पाहावे. पेन्शनर भरतात, नोकरदार भरतात, तालुक्याच्या गावचे दुकानदार भरतात. लोणार तालुक्यातला चार एकर कोरडवाहूचा धनी आणि त्याची घरधनीण त्यांत दिसत नाहीत.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, हे येथे कोणास सांगावयास नको. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. खाली मुंबई-हावडा रेल्वे आहे. वर रेल्वे नाही, एस.टी. हाच आधार. संग्रामपूरच्या माणसाने बुलडाण्यास सभेला यावयाचे म्हणजे अर्धा जिल्हा ओलांडून घाट चढावयाचा, आणि सभा लांबली की परतीची शेवटची गाडी चुकावयाची. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे भाडे झाले, ही मोठीच सोय झाली. पण अर्ध्या भाड्याची गाडीदेखील आपल्या सत्कारसमारंभासाठी थांबून राहत नाही.

आता मेळाव्याचे घेऊ. तो आपण दिवाळीच्या सुट्टीत भरवितो. सुट्टी कोणास? शाळांस व कचेऱ्यांस. शेतकऱ्याचे सोयाबीन त्या वेळी खळ्यावर असते किंवा बाजार समितीच्या आवारात असते, कपाशीची वेचणी चालू असते, हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते, आणि वेचणीस बायांचाच हात लागतो. अशा दिवसांत आई येत नाही, मुलगी येत नाही. बाप किंवा मामा मुलीचा कागद घेऊन येतो व व्यासपीठावर तो वाचून दाखवितो. त्यास परिचय कसे म्हणावे?

आमची सूचना अशी की, मेळावा पोळ्याच्या आधीच्या रविवारी घ्यावा. निंदण-खुरपणी बहुतेक आटोपलेली असते, पीक उभे असते, सोंगणीस अवकाश असतो. पाऊस असतो, हे खरे. पण पावसाची अडचण छताने भागते, सोंगणीची कशाने भागणार? स्थळ एक वर्ष घाटाखाली शेगाव आणि दुसरे वर्ष घाटावर चिखली असे आळीपाळीने असावे. शेगावास मुंबईपासून नागपूरपर्यंतचे बांधव रेल्वेने येऊ शकतात. काही मंडळींनी ऋषिपंचमी सुचविली, कारण तो गजानन महाराजांच्या समाधीचा दिवस व समाज तेथे आपोआप जमतो. परंतु महाराजांनी १९१० साली समाधी घेतल्यापासून त्या तिथीचे महत्त्व वाढतच गेले आहे. त्या दिवशी शेगावास पाय ठेवावयास जागा मिळणे कठीण, मग मेळावा कोठे भरविणार? गर्दीत गर्दी मिळविण्यात अर्थ नाही.

या मेळाव्याविषयी आणखी एक गोष्ट बोलणे प्राप्त आहे, ती कटू लागली तरी बोलतो. मुलांची नावे पुष्कळ येतात आणि मुलींची थोडी, अशी तक्रार दरवर्षी होते. मुली शिकल्या, त्यांना शेतकरी नवरा नको, असे म्हणून आपण मोकळे होतो. शेतमालाचा भाव ज्याच्या हाती नाही त्याच्या घरी मुलगी देताना बाप कचरतो, हे खरेच आहे. परंतु जनगणनेचे आकडेही पाहावेत. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे आपल्या जिल्ह्यात २००१ साली ९०८ मुली होत्या. २०११ साली त्या ८५५ उरल्या. ती २०११ ची बालके आता लग्नाच्या वयात येऊ लागली आहेत. ज्या मुली जन्मासच आल्या नाहीत त्या मेळाव्यास कोठून येणार? हा आकडा सबंध जिल्ह्याचा आहे, एका समाजाचा नाही. पण आपला समाज जिल्ह्याबाहेर राहत नाही. म्हणून मेळाव्यात मुलीने स्वतः उभे राहून आपले शिक्षण सांगावे, आपली अपेक्षा सांगावी, आणि तिचे ऐकून घेण्याची आपणांस सवय व्हावी. एखादीने या यादीबाहेरचा, ज्ञातीबाहेरचा वर निवडला तर मंडळाने त्यात पडू नये. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून अमलात आहे; पण कायद्याच्या धाकानेच शहाणपण यावे असे नाही.

दुसरा विषय सामूहिक विवाहाचा. आमच्या मते वर्षाचे मुख्य कार्य हेच. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी कर्जग्रस्त शेतकऱ्यांकरिता मदत जाहीर केली त्यांत बुलडाणा होता. कर्जाची कारणे अनेक. पाऊस आपल्या हाती नाही, भाव आपल्या हाती नाही. परंतु मांडव, वाजंत्री, आजचे ते कानठळ्या बसविणारे डी.जे., मानपान, आहेर आणि तीन-तीन पंगती, हे तर आपल्याच हाती आहे ना? हुंड्यास १९६१ च्या कायद्याने बंदी आहे. तो आता ‘हौसेने दिले’ या नावाने वावरतो. सावकाराच्या वहीत हौस असे काही लिहिलेले नसते.

साध्या लग्नाची कल्पना आपणांस बाहेरून आणावयाची नाही. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यास झाला, तो अगदी अल्प खर्चात. त्या जोतीरावांचे आरंभीचे चरित्र १९२७ साली ज्यांनी प्रसिद्ध केले ते पंढरीनाथ सीताराम पाटील आपल्याच जिल्ह्याचे. दीडशे वर्षांपूर्वी जे लोकांनी केले ते आपण आज धाडस म्हणून करावे, हे थोडे विचित्रच दिसते.

या सोहळ्यासाठी आखाजीचा दिवस सुचविला गेला आहे. साडेतीन मुहूर्तांतील एक, म्हणून. आम्हांस तो पसंत नाही. आखाजीस घरोघरी पितरांचे पान असते, घागर भरावयाची असते. घरातील कर्ता त्या दिवशी उंबरा सोडीत नाही. शिवाय जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला त्या संध्याकाळी घटमांडणी होते व दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात. घाटाखालचे पुष्कळ शेतकरी तिकडे जातात. त्या भाकितास शास्त्राचा आधार नाही असे आमचे मत आहे, परंतु शेतकरी तेथे जातो ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा आखाजीनंतरचा दुसरा रविवार धरावा, आणि ऊन कलल्यावर सोहळा करावा. स्थळ निवडताना पाण्याचा विचार आधी करावा. मे महिन्यात ज्या गावी टँकर चालू असतो तेथे दोन-चार हजार पाहुणे नेणे हे यजमान गावावर संकटच होय.

पंगतीची व्यवस्था कशी करावी हे पाहावयाचे असेल तर आपल्या स्वयंसेवकांनी हिवरा आश्रमास जावे. तेथे विवेकानंद जयंती तिथीप्रमाणे, पौष वद्य सप्तमीस होते व पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद अफाट जनसमुदायास शिस्तीने वाढला जातो. पदार्थ दोनच, म्हणून वाढणे जलद. आपल्याकडे पदार्थ अकरा आणि वाढपी सहा!

नोंदणीविषयी एक सूचना कळकळीची आहे. मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण असल्याखेरीज नाव घेऊ नये, आणि पुरावा म्हणून जन्म-मृत्यू नोंदीतला दाखलाच मागावा. शाळेच्या दाखल्यावरील तारखेचे गुपित आम्ही शिक्षकच जाणतो. जुन्या काळी बाप मुलास घेऊन शाळेत येई, जन्मतारीख ठाऊक नसे, मग गुरुजी १ जून लिहीत; कित्येक वर्गांत निम्मी मुले एकाच दिवशी जन्मलेली असत. हल्ली तसे फारसे होत नाही, तथापि लग्नाच्या घाईत कागदावरचे वय वाढविणारे आजही भेटतात. एकाही बालिकेचे लग्न आपल्या मांडवात लागले, तर सारा सोहळा व्यर्थ गेला असे आम्ही समजू. त्याच दिवशी तेथेच विवाहनोंदणीचे अर्जही भरून घ्यावेत.

विद्यार्थ्यांच्या सत्काराविषयी थोडक्यात. तो ऑगस्टात होतो. प्रवेश आणि पुस्तके यांचा खर्च जूनमध्ये असतो. निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत तालुक्यातालुक्यांत तो उरकावा, स्मृतिचिन्हाऐवजी पुस्तके अथवा शुल्काची रक्कम द्यावी, आणि नव्वद टक्केवाल्यांच्या बरोबरच नापास होऊन पुन्हा बसणाऱ्यांस बोलवावे. त्यांस आपली गरज अधिक.

१२ जानेवारीस सिंदखेडराजास जाणे हे ठरलेलेच आहे. १५९८ साली लखुजी जाधवरावांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला, तेथे त्या दिवशी लोटणारा जनसागर आपण जाणताच. वेगळी सभा, वेगळा मांडव आपण तेथे घालू नये. दर्शन घ्यावे आणि परतावे. फक्त प्रत्येक तालुक्याने आपल्या गाडीत निम्म्या जागा मुलींसाठी राखाव्यात, आणि ३ जानेवारीस, सावित्रीबाईंच्या जयंतीस, त्यांची नावे चिटणीसांकडे पोहोचवावीत.

या सूचनांतील तारखा आम्ही एका कागदावर लिहून आणल्या आहेत. तालुका प्रतिनिधींनी तो घेऊन जावा व आपल्या गावी, शक्यतो बायांच्या बैठकीत, वाचून दाखवावा. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणते काम असते ते समासात लिहावे आणि पुढील बैठकीस कागद परत आणावा. भ्रमणध्वनीवर निरोप धाडून हे काम होणार नाही. तारखा त्यानंतर छापाव्यात. पाहुण्यांस निमंत्रणेही मग त्यानंतरच जावीत.