राजाची आंघोळ

भांडी घासून, दार पुढं करून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्याजणींना आमच्या बचत गटाचा राम राम. आम्ही माण तालुक्यातल्या एका वाडीवरून आलोय. सातजणी निघालो होतो, पण दोघींच्या शेळ्या व्यायला झाल्यात, म्हणून पाचजणीच पोचलो. बोलणार मात्र सातही जणींच्या वतीनं.

गेल्या महिन्यात एका ताईंचा निरोप रेडिओवर आला होता. त्यांनी विचारलं होतं, "आमच्या कुत्र्याला मी दर रविवारी साबण लावून आंघोळ घालते. तरी तो दिवसभर खाजवतो, पाठीचे केस गेलेत. आता आठवड्यातून दोनदा घालू का?" रेडिओच्या ताईंनी तो निरोप आमच्याकडं पाठवला, कारण कुत्र्याच्या आंघोळीपायी आम्ही काय भोगलंय हे त्यांना ठाऊक होतं. ते सांगतोच. आधी या ताईंना उत्तर देतो. ताई, दोनदा नको. दर रविवारीही नको.

का, ते सांगतो. आपल्याला अंगभर घाम येतो, म्हणून आपण रोज आंघोळ करतो. कुत्र्याला तसा अंगभर घाम येत नाही. थोडासा पंजाच्या गाद्यांना येतो, बाकी उष्मा तो जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवतो. त्याच्या कातडीतून एक तेलकटपणा सुटतो, तो केसांवर पसरतो, आणि पाऊस, धूळ, ऊन यांपासून कातडी राखतो. आपण दर आठवड्याला साबणानं चोळचोळून तेच तेल काढून टाकतो. मग कातडी कोरडी पडते, कोंडा होतो, खाज सुटते. कुत्रा खाजवतो, आपल्याला वाटतं अंग घाण झालंय, आपण परत साबण लावतो. आमच्यातल्या एकीच्या सुनेचं अगदी हेच झालं होतं. ती स्वतःचा वासाचा शांपू लावायची. माणसाची कातडी कुत्र्यापेक्षा आंबट गुणाची असते, त्यामुळं आपला साबण-शांपू त्याला मानवतोच असं नाही. कपड्याचा साबण आणि भांड्याची पावडर तर नकोच नको.

मग घालायची तरी कधी? आपल्या गावठी, आखूड केसाच्या कुत्र्याला महिना-दीड महिन्यातून एकदा पुष्कळ झालं. मधेच तो शेणात, चिखलात, नाहीतर मेलेल्या जनावरावर लोळून आला तर तेव्हा धुवायचा. नुसत्या धुळीला पाणी लागत नाही. नारळाच्या शेंड्या नाहीतर जुना ब्रश घेऊन केसांच्या दिशेनं झाडला की धूळ पडते, सुटलेले केस निघतात आणि अंगावरून हात फिरल्यामुळं गोचीड, गाठ, जखमही कळते. ज्यांच्याकडं मुंबई-पुण्याहून आणलेलं लांब केसाचं कुत्रं असेल, त्यांनी दर तीन-चार आठवड्यांनी आंघोळ आणि दोन-तीन दिवसांआड विंचरणं ठेवावं. ते विंचरलं नाही तर केसांच्या जटा होतात, आणि जट ओली झाली की आतली कातडी कुजते.

आमच्या भागात मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगरांची कुत्री तुम्ही पाहिली असतील. त्यांना कोण आंघोळ घालतंय? पावसात भिजतात, उन्हात सुकतात, आणि अंग कसं चकचकीत असतं! आमच्या आज्जी म्हणायच्या, खंडोबाचं कुत्रं हाय ते, देवच त्याला न्हाऊ घालतो. देवाचं देव जाणे, पण आज्जींनी कुत्र्याला साबण लावला नाही हे बरंच केलं. शिवाय पाण्याचाही विचार आहे. उन्हाळ्यात आमच्या वाडीवर टँकरची वाट बघावी लागते. माणसांनाच घागर मोजून मिळते तिथं कुत्र्यावर दोन बादल्या ओतल्या की घरात भांडण ठरलेलं. तेव्हा कमी आंघोळ घालण्यात काही पाप नाही, उलट त्याचं भलंच आहे.

आता राजाचं सांगतो.

राजा हा आमच्या गटातल्या एका बहिणीचा कुत्रा. काळा, छातीवर पांढरा पट्टा. तिच्या अकरा शेळ्या आहेत, आणि आमच्याकडं लांडग्याचं भय असतं. राजा रात्रभर वाड्याभोवती फिरायचा. एकदा दोन लांडग्यांना त्यानं भुंकूनच थोपवलं होतं, तोवर माणसं बॅटऱ्या घेऊन पोचली. तिच्यासाठी तो नुसता कुत्रा नव्हता, तिच्या कर्जाचे हप्ते ज्या शेळ्यांवर चालतात त्या शेळ्यांचा राखणदार होता.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर राजाच्या अंगावर गोचीड इतके झाले की कानाच्या आत द्राक्षाच्या घडासारखे लटकलेले. आधी आम्ही कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ घातली. गार करून घातलेल्या त्या पाण्यानं त्याचं काही बिघडलं नाही, पण गोचिडांचंही काही बिघडलं नाही. मग एकजण म्हणाली तंबाखूचं पाणी लावा, दुसरी म्हणाली रॉकेल, तिसरी म्हणाली ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. खोटं कशाला बोला, त्या तिघी आमच्यातल्याच होत्या. शेवटी घरच्या पोरानं डाळिंबावर मारायच्या औषधातलं झाकणभर औषध बादलीत कालवलं आणि राजाला त्या पाण्यानं न्हाऊ घातलं. पोरगं वाईट नव्हतं. कुत्र्याचे हाल त्याला बघवत नव्हते.

राजानं अंग झटकलं आणि सावलीत बसून अंग चाटायला लागला. आणि बहिणीची चार वर्षांची नात नेहमीसारखी जाऊन त्याच्या गळ्यात पडली.

अर्ध्या तासात राजाच्या तोंडातून लाळेची तार लागली. पाय थरथरायला लागले, उलटी झाली, उभं राहता येईना. बहिणीनं हंबरडा फोडला. आमच्यातल्या एकीनं तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी कुत्र्याचं विचारायच्या आधी काय विचारलं असेल? "त्याला कुणी कुणी हात लावला? लहान मूल जवळ गेलं का?" आमच्या पायाखालची जमीन सरकली. नातीचे कपडे तिथल्या तिथं काढले, तिला साबणानं डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, आणि मोटरसायकलवरून सरकारी दवाखान्यात नेलं. जाताना औषधाची बाटली पिशवीत घालून बरोबर दिली, कारण औषध कोणतं हे डॉक्टरांना बाटलीवर वाचता येतं. पोरीला देवाच्या दयेनं काही झालं नाही. पण ती रात्र तिच्या आईनं कशी काढली, ते आम्ही बघितलंय.

इकडं राजासाठी डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घाला, आणि साधा साबण लावून भरपूर पाण्यानं त्याला धुवा, धूतच राहा, आणि त्याला अंग चाटू देऊ नका. त्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या घरचं पिण्याचं पाणी आणून राजावर ओतलं. कुणी घागर मागं ठेवली नाही. डॉक्टर येऊन त्यांनी इंजेक्शनं दिली. राजा तीन दिवस उठला नाही, चौथ्या दिवशी ताकाची वाटी चाटली. अजून आहे. पण मागच्या पायात तो जोर राहिला नाही, रात्री वाड्याच्या दारातच बसतो. बहिणीनं आता एक तरणं कुत्रं जोडीला आणलंय.

म्हणून मैत्रिणींनो, पिकावरचं औषध, फिनेल, रॉकेल, जळकं ऑइल, तंबाखूचं पाणी, डांबराच्या गोळ्या, यातलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही. थोडंसंसुद्धा नाही. कुत्रा अंग चाटतो, म्हणजे लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. आणि त्याला कवटाळणारी पोरं आपलीच असतात.

गोचिडांचं आम्हाला डॉक्टरांनी नंतर ओट्यावर बसून समजावलं, आणि ते ऐकून आम्ही गारच पडलो. अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे घरात असतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत, दगडाच्या सांदीत, गोणपाटाखाली शिरते आणि हजारांनी अंडी घालते. तिथून बारीक पिल्लं परत कुत्र्यावर चढतात. मग आंघोळीनं गोचीड संपणार कसे? आम्ही राजाची जुनी गोणी जाळली, वाड्याच्या भिंतीच्या फटी मातीनं लिंपल्या, वर चुना मारला, आठवडाभर रोज कोपरे झाडले. कुत्र्यासाठी मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी मिळते, ती वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्यायची. थेंब टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, नाहीतर औषध वाहून जातं. आणि घरात मांजर असेल तर डॉक्टरांना तेही सांगायचं. कुत्र्याची काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात.

अंगावरचा एखादा गोचीड काढायचा तर चिमट्यानं, कातडीच्या अगदी जवळ धरून, सरळ ओढायचा. पिळायचा नाही. आणि दगडावर ठेचायची, नखानं फोडायची आपली सवय आहे ना, ती सोडायची. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट घेऊन त्यात टाकायचा. गोचिडांमुळं कुत्र्याला ताप येतो, खाणं सुटतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. असं दिसलं तर आंघोळ नाही, दवाखाना. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर आम्ही गटाच्या हप्त्याच्या वहीवर पहिल्याच पानावर लिहून ठेवलाय.

निरोप पाठवणाऱ्या ताई, तुमच्या कुत्र्याचे केस गेलेत म्हणालात. साबण बंद करून महिनाभर बघा. पण कानाच्या कडा, कोपरं जाड होऊन खपल्या धरल्या असतील तर ती खरूज असू शकते. ती माणसालाही खाज आणते. तिला डॉक्टरांचंच औषध लागतं, आणि तेव्हा डॉक्टर औषधी शांपूनं आठवड्याला आंघोळ सांगतील तर ती घालायची. तो शांपू लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो. आमची एकजण लगेच धुवायची आणि म्हणायची, औषधच खोटं आहे.

आंघोळ घालायची रीत थोडक्यात सांगतो. ऊन चांगलं तापल्यावर, दुपारच्या आत. पाणी कोमट, आपण बाळाला मनगटावर बघतो तसं बघून. आधी कानात कापसाचे बोळे. मानेपासून मागं भिजवत जायचं, डोकं शेवटी, आणि तोंड नुसत्या ओल्या फडक्यानं पुसायचं. साबण निघाला म्हणता त्यानंतरही दोन तांबे ओता, कारण राहिलेल्या साबणाची खाज फार वाईट. मग जुन्या लुगड्यानं बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करा आणि बोळे आठवणीनं काढा. आम्ही एकदा विसरलो होतो. पावसाळ्यात बाहेरून आला की पाय आणि पोट पुसलं तरी चालतं.

दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना न्हाऊ घालू नका. घाण लागली तर ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडं करा. आजारी, तापलेल्या, नुकतीच लस टोचलेल्या कुत्र्यालाही थांबा. दिवाळीत नरक चतुर्दशीच्या पहाटे पोरं हौसेनं कुत्र्यालाही तेल-उटणं लावून थंडीत न्हाऊ घालतात. आमच्या वाडीवर असं एक पिल्लू गारठून गेलं. पोरांना उटणं लावू द्या, पण त्यांच्या स्वतःच्या अंगाला.

अजून एक. आंघोळीला कुत्रा बिथरतो, आपलाच असला तरी दात लागतात. दात लागला की आधी कुत्रा सोडा आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घ्या. "घरचाच आहे" म्हणून बसू नका. कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढं दर वर्षी, ही तारीख आम्ही त्याच वहीत लिहितो, हप्त्याच्या तारखांशेजारी.

राजाची मागची आंघोळ गुढीपाडव्याच्या आधी झाली. ते पाणी पपईच्या बुंध्यात गेलं. निरोपवाल्या ताई, तुमच्या कुत्र्याचे केस परत आले की आम्हाला नक्की कळवा. पुढच्या बुधवारी याच वेळेला शेजारच्या वाडीच्या मैत्रिणी परसातल्या कोंबड्यांवर बोलणार आहेत. आता आम्हाला शेवटची एसटी गाठायचीय. येतो. नमस्कार.