पाऊस पुरे

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या. पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखल्यात म्हणे. पाहुणे काही येत नाहीत, एवढी वर्षं बघतेय मी.

मघाशी कार्यवाहांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. भाषणाच्या शेवटी जाहीर करायची आहे. यंदापासून मंडळ ललित लेखनाला पुरस्कार देणार, आणि विषय आहे ‘आठवणीतला पहिला पाऊस’. चिठ्ठी मी वाचली. जाहीर मात्र करणार नाही. रागावू नका, किंवा रागवा, पण ऐकून घ्या.

आषाढीचा कार्यक्रम म्हणून आपण इथे जमलोय. बाहेर, पार्किंगमध्ये, संध्याकाळी सातला चाळीसच्या वर पारा आहे. आपण फिनिक्समध्ये राहतो. इथे वर्षाला वीस सेंटिमीटर पाऊससुद्धा धड होत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइटला पोचला किंवा त्याच्याही वर गेला. त्या वर्षी एकट्या आपल्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याने ६४५ माणसं दगावली. ही काउंटीची स्वतःची नोंद आहे, आणि त्यांतली पुष्कळशी बेघर होती. आता त्या वर्षीचा आपला दिवाळी अंक काढा. कोकणातल्या पागोळ्या आहेत, दादरला तुंबलेलं पाणी आहे, कांदाभजी तर तीन लेखांत आहेत. ६४५ माणसांवर एक ओळ नाही. लेखक कोण, तर चँडलरच्या चिप कारखान्यात नोकरी करणारे, घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात जाणारे आपणच.

या मुलखातलाच एक पुरस्कार सांगते. इथून गाडीने सहाएक तासांवर, युटामध्ये, ब्लफ नावाचं छोटं गाव आहे. एलन मेलॉय तिथे राहायची. ‘द अँथ्रॉपॉलॉजी ऑफ टर्क्वॉइज’ हे तिचं २००२ चं पुस्तक पुलित्झरच्या अंतिम यादीपर्यंत गेलं होतं. २००४ च्या नोव्हेंबरात ती अचानक गेली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. माझंही आता तेच वय आहे, म्हणून आकडा लक्षात राहिला. तिच्या माघारी तिच्या माणसांनी एक निधी उभा केला. वाळवंटावर लिहिणाऱ्याला त्यातून पैसे मिळू लागले. अट अशी की कथा चालणार नाही, कविता चालणार नाही. खरं लिहायचं, आणि साहित्य म्हणून लिहायचं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. पुस्तक छापून आल्यावर सत्कार करायचा, असा हा मामला नाही. लिहिणं चालू असतानाच पैसे देतात. जा, तिथे राहा, पेट्रोल भरा, लोकांशी बोला, मग लिहा. आपण शाल कधी देतो? लेखक थकला, पुस्तक जुनं झालं, की देतो. शाल, इथल्या उन्हात!

त्या पुरस्कारावरही माझा राग आहे, तोही बोलून टाकते. प्रस्ताव नीट लिहिता येतो त्यालाच तो मिळणार. ज्याला वाळवंट पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे, तो अर्ज भरायला बसत नाही. पण ती पुढची भांडणं झाली. आपण अजून पहिल्या पायरीवरही नाही.

मेलॉयचं आणखी एक पुस्तक आहे, १९९९ चं, ‘द लास्ट चीटर्स वॉल्ट्झ’. आपण राहतो त्या जमिनीखालून काय निघालं आणि ते कुठे गेलं, याचा माग काढत ती निघते आणि अणुबाँबपाशी पोचते. तिच्या ब्लफभोवतीच्या पठारावरून युरेनियम निघालं. नवाहो लोकांच्या जमिनीवर आजही पाचशेहून जास्त खाणी तशाच सोडून दिलेल्या पडल्या आहेत. १६ जुलै १९४५ ला पहिला स्फोट न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाला. कारण काय, तर तिथे ‘काही नव्हतं’. १९७४ ला आणि पुन्हा १९९८ ला आपण अणुचाचणीसाठी पोखरणला गेलो, तेव्हाही तिथे काही नव्हतंच. शेजारचं खेतोलाई गाव सोडून.

हे ‘काही नाही’ मला जवळून माहीत आहे. मी माणची, दहिवडीच्या पुढची. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस आणि आमच्याकडे जेमतेम पाचशे. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि मी सुकडीच्या रांगेत उभी असायची. आमच्या सातबाऱ्यावर एक शब्द होता, अजूनही आहे, ‘पोटखराब’. पिकाला नालायक जमीन. त्याच पोटखराबात आमची मेंढरं जगली. भर उन्हाळ्यात तिथला तरवड पिवळाधमक फुलायचा, आणि पहाटे तित्तर बोलायला लागले की आजी हुलग्याचं माडगं चुलीवर ठेवायची. तलाठ्याने एका शब्दात हे सगळं खोडलं होतं. माडगूळकरांनी १९४९ ला ‘माणदेशी माणसं’ लिहिलं, तेव्हा कोकणातला पाऊस उसना आणला नव्हता. तुम्ही सोनोरन वाळवंटात तीस वर्षं काढून दापोलीचा पाऊस लिहिता. तलाठ्याने केलं ते तुम्ही या जमिनीचं करता आहात.

कोणी म्हणेल, बाई, आमचं नातं पंढरपूरच्या वाळवंटाशी. बरोबर! चंद्रभागेचं वाळवंट, पाण्याकाठचं, कीर्तनाचं. आपल्या भाषेत हा शब्द आधी नदीकाठच्या वाळूचा होता. म्हणूनच ‘वाळवंट’ म्हटलं की इथल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वाळू येते. अहो, फिनिक्सभोवती वाळू आहे कुठे? वाळूचे डोंगर बघायचे तर यूमाच्या पलीकडे, कॅलिफोर्नियाच्या हद्दीत जावं लागतं. इथे आहे मुरूम, गोटे, काटेरी झुडपं. याला आपल्याकडे माळ म्हणतात. शब्द आपल्या खिशात आहे, वापरत नाही एवढंच.

आणि मातीचा वास! क्रिओसोटच्या झुडपाची चार पानं तोडा, तळहातावर चुरडा, तोंडाची वाफ त्यांवर सोडा आणि हुंगा. पाऊस येतो नाकात. आपल्या मंडळाच्या कुंपणाला हे झुडूप लागलंय, माळ्याला सांगून दरवर्षी छाटतो आपण. गॅरी नॅबहनने १९८२ साली तोहोनो ओओधम लोकांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘द डेझर्ट स्मेल्स लाइक रेन’. तेच ओओधम लोक याच आठवड्यांत सवारो निवडुंगाची फळं काढतात, मेलेल्या सवारोच्या फासळ्या जोडून केलेल्या लांब काठीने. त्या रसाची दारू करून पितात, पाऊस यावा म्हणून. आपली आषाढी आणि त्यांचं हे एकाच हंगामात पडतं. चाळीस वर्षं मंडळ आहे, एकाला तरी हे लिहावंसं वाटलं?

पाण्याचं तर बोलूच नका. आपल्या नळाला कोलोरॅडो नदीचं पाणी येतं, लेक हवासूपासून ५४० किलोमीटर लांब कालव्यातून, पंपांनी चढवून. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तुटवडा जाहीर झाला आणि २०२२ पासून पिनाल काउंटीतल्या शेतकऱ्यांचं कालव्याचं पाणी तुटलं. रानं पडीक राहिली. इथून तासाभरावर. कालव्याचं पाणी तुटलं की घरात काय होतं, हे या सभागृहात निम्म्यांना तरी ठाऊक असायला हवं. गेलं का कोणी विचारायला?

तेव्हा माझी अट ऐका. पुरस्कार ठेवायचा असेल तर या माळावरच्या खऱ्या लेखनाला ठेवा. पैसे आधी द्या. शाल-श्रीफळ नको, पेट्रोल आणि पाण्याचे कॅन द्या. पहिला अर्जदार पिनालच्या शेतकऱ्याकडे जाईल, एवढं मी बघते. आणि माझ्या मानधनाचं पाकीट मी परत ठेवतेय, ते त्यात घाला.

ही चिठ्ठी कार्यवाहांकडेच राहू दे. उद्या पहाटे साडेचारला कालव्याच्या कडेने चालत जायचंय. यायचं त्यांनी मागच्या दारापाशी जमा. पाणी आपापलं आणा, दोन लिटर तरी.