मोरीचे पाणी कुठे जाते?



आपल्या गावात भुयारी गटार आणि सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र होणार आहे. घरोघर जोडणी घ्या, असे नगरपरिषद सांगते आहे. खर्चाला भिऊन 'नको' म्हणणाऱ्यांत पहिले आम्ही होतो. शाळेत आम्ही रोज मुलांची नखे तपासली, स्वच्छतेचे पाठ दिले. पण आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते, हे काही कधी पाहिले नाही.

एकदा नातवाने नेमके तेच विचारले. आम्ही त्याचा हात धरून निघालो. मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. आणि त्याच नदीवर थोडे खाली, पलीकडच्या वाडीच्या बाया घागरी भरत होत्या. आमची मान खाली गेली.

नळाचे पाणी असलेल्या गावात माणशी रोज सुमारे १०० लिटर सांडपाणी निघते. वस्ती २०,००० असेल, तर रोजचे २० लाख लिटर झाले. त्यात कावीळ, पटकी, विषमज्वर यांचे जंतू असू शकतात. शिवाय घाण कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो. एक लिटर पाण्यात तो असतोच किती? जेमतेम ८ मिलिग्रॅम. तो संपला की मासे गुदमरून मरतात. पाणी काळे पडते, त्याला घाण येते.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, हा शहरांचा थाट. लहान गावाला कसा जमणार?" तर एका लहान गावाची हकिकत ऐका.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात, खाडीच्या काठी आर्केटा हे गाव आहे. वस्ती वीस हजारांच्या आत. त्यांचे सांडपाणी खाडीत जाई. १९७४ साली राज्याने नियम केला : खाडीचे भले होते असे दाखवा, नाहीतर पाणी सोडू नका. आसपासच्या गावांनी मिळून एकच मोठे केंद्र बांधावे, अशी योजना निघाली. खर्च फार होता. आर्केटाचे लोक म्हणाले, "आम्हाला दुसरी वाट करून पाहू द्या." काही वर्षे भांडून त्यांनी प्रयोगाची परवानगी मिळवली. १९८६ साली त्यांची सगळी व्यवस्था सुरू झाली.

ती अशी. आधी जाळीने चिंध्या, कचरा अडवतात. मग हौदात गाळ खाली बसू देतात. तो गाळ बंद टाकीत कुजवतात. वरचे पाणी मोठमोठ्या तळ्यांत सोडतात. तिथे ऊन, वारा आणि बारीक जीव घाण खातात. पुढे पाणकणीस आणि लव्हाळे लावलेल्या दलदलीतून पाणी हळूहळू झिरपत जाते. शेवटी जंतू मारून ते खाडीत सोडतात. दलदलीची ही जागा म्हणजे पूर्वी गावाचा उकिरडा होता, बरे का! आज तिथे ३०० हून अधिक जातींचे पक्षी दिसतात, आणि लोक फिरायला जातात.

पण हे आपोआप होत नाही. तळ्यांना जमीन लागते. गाळ काढावा लागतो. गवत राखावे लागते. यंत्राचे केंद्र केले तर जमीन कमी लागते, पण विजेचे बिल दर महिन्याला भरावे लागते. बिल थकले की यंत्र बंद, आणि घाण पुन्हा नदीत.

आणि सर्वांत मोठी गोष्ट : तळे असो की यंत्र, जे पाणी तिथवर पोचेल तेच शुद्ध होईल. आमच्यासारख्यांनी जोडणी घेतली नाही, तर केंद्र रिकामे आणि ओढा भरलेला!

आम्ही आता जोडणीचा अर्ज दिला आहे. तुम्हीही द्या. मोरीत चिंध्या, तेल, प्लास्टिक टाकू नका. केंद्र चालते की नाही, हे नगरपरिषदेला वरचेवर विचारा.

आपल्या खालीही गावे आहेत. तिथलीही लेकरे तेच पाणी पितात.